फांगण्याची आजीबाईंची शाळा: प्राथमिक शाळेच्या बाजूने केलेला एक प्रकरण अभ्यास

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं साधारण सत्तर घरांचं गाव आहे. ८ मार्च २०१६ ला तिथे एक नवा वर्ग सुरू झाला. सुमारे तीस विद्यार्थिनी. त्यांतली लहानात लहान साठीची, मोठीत मोठी नव्वदीच्या घरातली. सगळ्यांच्या अंगावर गुलाबी नऊवारी, पाठीला दप्तर, दप्तरात पाटी आणि पेन्सिल. शिकवायला उभी होती गावातलीच एक तरुण सून, शीतल मोरे. समोर बसलेल्यांमध्ये तिच्या सासूबाईही होत्या.

या वर्गाचं नाव पडलं ‘आजीबाईंची शाळा’. पुढची दोन-तीन वर्षं देशोदेशींचे पत्रकार फांगण्याला येऊन गेले. गुलाबी साडीतल्या, पाटीवर वाकलेल्या आजीचं छायाचित्र पाहिलं नाही असा वाचक विरळाच. बहुतेक बातम्यांमध्ये एक तपशील मात्र ओळीभरात उरकलेला असतो. हा वर्ग काढला तो गावातल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतल्या शिक्षकाने. त्यांचं नाव योगेंद्र बांगर. ते प्रौढशिक्षण खात्याचे अधिकारी नव्हते की बाहेरून आलेले कार्यकर्ते नव्हते. सकाळी मुलांना अ-आ शिकवणारा माणूस दुपारी त्या मुलांच्या आज्यांकडे वळला.

मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. म्हणून मला हे प्रकरण पाहायचं आहे ते त्या ओळीभर तपशिलाच्या बाजूने. फांगण्याबद्दल जे लिहिलं-बोललं गेलं आणि शिक्षणाच्या कामात मला जे रोज दिसतं, ते दोन्ही शेजारी ठेवून मी हे लिहिते आहे.

मागणी कुठून आली

त्या वर्षीच्या शिवजयंतीला, फेब्रुवारीत, गावात बायकांचं वाचन-पारायण होतं. ज्यांना वाचता येत होतं त्या शिवचरित्र वाचत होत्या. वयस्क बायका ऐकायला बसल्या होत्या. त्यांच्यापैकी काहींनी बोलून दाखवलं की आपल्यालाही असं वाचता आलं असतं तर बरं झालं असतं. बांगर गुरुजींनी ते मनावर घेतलं. महिना उलटायच्या आत वर्ग सुरू झाला.

खेड्यात पारायण पाहिलेल्यांना या प्रसंगाचं वजन कळेल. पोथी चौरंगावर असते. वाचणारी तिच्यासमोर मधोमध बसते, बाकीच्या भोवताली. वाचणारी कालची सून असली तरी तेवढा वेळ सगळा मान तिचा. ऐकणारीला गोष्ट तोंडपाठ असते, पुढचा प्रसंग कोणता हेही ठाऊक असतं. तरी पान उलटण्याचा अधिकार तिच्याकडे नसतो. आयुष्यभर भोवताली बसलेल्या बाईला एकदा तरी त्या चौरंगासमोर बसावंसं वाटणं ही साधी हौस नव्हे.

आणि असं वाक्य आपण सगळ्याच शिक्षकांनी ऐकलेलं आहे. शाळेत माता-पालकांची सभा असते, आईबाप मजुरीला गेलेले असतात, म्हणून आजी येते. हजेरीच्या कागदावर अंगठा उठवताना ती म्हणते, आम्ही काही शिकलो नाही बघा बाई. आपण हसून म्हणतो, असू द्या आजी, नातू शिकतोय ना. त्या हसण्याने आपण तिची समजूत काढतो आणि विषय मिटवतो. मीही असा मिटवलेला आहे, किती तरी वेळा. फांगण्यात तो मिटवला गेला नाही, एवढाच पहिला फरक आहे. पण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

या बायका शाळेबाहेर कशा राहिल्या

थोडा हिशेब करू. २०१६ मध्ये सत्तर वर्षांची असलेली बाई १९४६ च्या आसपास जन्मलेली. मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा १९४७ चा. म्हणजे सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आणि ही मुलगी जवळजवळ बरोबरीने वाढले. पण कायदा होता म्हणून डोंगराजवळच्या वाडीत शाळा होतीच असं नाही. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या १ मे १९६२ ला आणि त्यानंतर गावोगावच्या शाळांचं जाळं घट्ट होत गेलं. तोवर ही मुलगी सोळा वर्षांची होऊन बहुधा सासरी गेलेली असणार. मुलीच्या लग्नाचं कायद्याने ठरलेलं किमान वय १९४९ पासून पंधरा होतं, ते अठरा झालं १९७८ मध्ये. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या स्त्रियांची साक्षरता नऊ टक्क्यांच्याही आत होती.

शाळा जवळ असली तरी धाकटं भावंड कडेवर असायचं, गुरं असायची, पाण्याची खेप असायची. भाऊ शाळेत गेला म्हणून त्याच्या वाटची गुरं बहिणीच्या वाट्याला आली, असंही किती तरी घरांत झालं. आज साठी-सत्तरीत असलेल्या बायकांशी बोलताना ही गोष्ट निघते तेव्हा त्या ती तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. तशीच रीत होती म्हणतात. ऐकताना मला मात्र दर वेळी लाज वाटते, कारण ज्या संस्थेत मी नोकरी करते तिने त्यांना कधी बोलावलंच नव्हतं.

पुढे सरकारी योजना आल्या, त्यांतूनही त्या सुटल्या. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियान सुरू झालं, तेव्हा त्याचा रोख १५ ते ३५ या वयोगटावर होता. कष्टकरी, कमावत्या वयाच्या माणसाला आधी शिकवावं, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. पण १९४६ ला जन्मलेली बाई तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. लहानपणी शाळा यायच्या आधी ती मोठी झाली आणि मोठेपणी अभियान यायच्या आधी ती म्हातारी ठरली. २००९ च्या साक्षर भारत योजनेत पंधरा वर्षांपुढचे सगळेच आले आणि स्त्रियांवर भर होता. तोवर या बायकांनी, आता काय शिकायचं, हे स्वतःच मान्य करून टाकलेलं होतं.

मांडणी

फांगण्याच्या वर्गाची मांडणी मला बारकाईने पाहावीशी वाटते, कारण तिच्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट प्राथमिक शाळेतून उचललेली आहे. प्रौढशिक्षणाच्या नेहमीच्या वर्गात वही-पेन असतं, पुस्तिका असते. गणवेश नसतो, दप्तर नसतं, प्रार्थना नसते. मोठ्या माणसांना लहान मुलांसारखं वागवू नये, हे तिथलं तत्त्व. ते बहुतेक ठिकाणी बरोबरही आहे. फांगण्यात मात्र गणवेश, दप्तर, पाटी, प्रार्थना, कविता, पाढे असं सगळं ठेवलं. गणवेश, दप्तरं, फळा असं साहित्य मोतीराम गणपत दलाल या धर्मादाय ट्रस्टने दिलं.

हे मुद्दाम ठरवून केलं की सहज सुचलं ते मला सांगता येणार नाही. पण परिणाम पाहता ते फार योग्य होतं. या बायकांचं जे हुकलं होतं ते केवळ वाचन नव्हतं. शाळेत जाणंच हुकलं होतं. सकाळी आवरून, दप्तर घेऊन, मैत्रिणींबरोबर एका ठिकाणी जायचं, नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायचं, हे त्यांनी आधी भावांना, मग मुलांना आणि मग नातवंडांना करताना पाहिलं होतं. नुसती अक्षरं घरी ओट्यावर बसूनही शिकवता आली असती. शाळा मात्र ओट्यावर देता येत नाही.

गुलाबी साडीबद्दलही एक सांगायला हवं. या वयातल्या किती तरी बायका विधवा असतात, आणि विधवेने ठसठशीत रंग नेसू नये ही रीत आपल्याकडे अजून पुरती गेलेली नाही. लुगड्याचा रंग वयाबरोबर फिका होत जातो. अशा वेळी सगळ्यांचा गणवेश एकच आणि तो गुलाबी, म्हणजे कोण सवाष्ण आणि कोण नाही हा प्रश्नच वर्गापुरता उरत नाही. लहान मुलांच्या गणवेशाचं समर्थनही आपण असंच करतो, श्रीमंत-गरीब कळू नये म्हणून. इथे तो भेद वेगळा होता.

वेळ दुपारी दोन ते चार. सकाळचा स्वयंपाक, धुणं, गुरांचं पाणी आटोपलेलं असतं आणि संध्याकाळची चूल पेटायला अवकाश असतो. वेळ सोयीची नसेल तर पहिल्या आठवड्यातच वर्ग ओस पडतो. रात्रीचे साक्षरता वर्ग ज्यांनी चालवले त्यांना हे माहीत आहे. दिवसभर रोपं लावून आलेली बाई रात्री नऊला कंदिलापाशी बसते आणि पाच मिनिटांत तिचे डोळे मिटतात.

जागा म्हणजे बांबू आणि गवताने शाकारलेली एक खोली. आजूबाजूला झाडं, प्रत्येक आजीने एकेक लावलेली. पुस्तकातला कार्यानुभव फांगण्यात वेगळा काढावा लागला नाही. झाड कसं जगवायचं हे विद्यार्थिनींना शिक्षिकेपेक्षा जास्त ठाऊक होतं.

सून शिकवते तेव्हा

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते ती शिक्षिकेची निवड. गुरुजींनी स्वतः शिकवायचं ठरवलं असतं तर काय झालं असतं याची कल्पना करता येते. म्हाताऱ्या बायका डोक्यावर पदर ओढून अवघडून बसल्या असत्या. गुरुजींसमोर चुकायची लाज वाटली असती. चुकायचं नाही म्हणून बोलायचं नाही, आणि बोलायचं नाही म्हणून शिकायचं नाही. पहिलीच्या वर्गात गप्प बसणारं मूल आपण ओळखतो. ते बऱ्याचदा चुकायला घाबरत असतं.

शीतल मोरे गावची सून. तिच्यासमोर बसलेल्या सगळ्या नात्याने कुणी सासू, कुणी चुलतसासू, कुणी आजेसासू. गावात सुनेने सासूसमोर आवाज चढवायचा नसतो. दोनच्या ठोक्याला ते नातं उलटं होतं आणि चारला पुन्हा सुलटं. ही अदलाबदल रोज, सगळ्यांसमोर, राजीखुशीने होते. अशा नात्यात शिक्षिका रागावू शकत नाही. दहा वेळा विसरलेलं अक्षर अकराव्यांदा गिरवून घेताना तिचा सूर आपोआप नरम राहतो. बी. एड्. करून जे कष्टाने अंगी बाणवावं लागतं ते तिला नात्यानेच दिलेलं होतं. हे काम तिने पगाराशिवाय केलं, याचीही नोंद इथे करायला हवी. असं काम गावातल्या बाईनेच फुकट करावं, ही आपली जुनी अपेक्षा आहे. अशा वर्गांचं कौतुक करताना शिक्षिकेच्या मानधनाची तजवीजही कुणीतरी करायला हवी होती असं मला वाटतं.

अक्षर आणि आकडा

सत्तराव्या वर्षी अक्षर शिकणं म्हणजे काय, यावर फार कमी लिहिलं जातं. मुलांना आपण सारख्या वळणाची अक्षरं एकत्र देतो. गमभन म्हणायची जुनी पद्धत त्यातूनच आली. मुलाचा हात कोवळा असतो, वळण लवकर घेतो. आजीच्या बोटांनी साठ वर्षं विळा धरलेला, भाकरी थापलेली, शेण सारवलेलं. त्या बोटांत पेन्सिलीचा तुकडा बसत नाही. गोलाई घेताना हात थरथरतो. डोळ्यांना मोतीबिंदू, कानांना कमी ऐकू येतं, आणि काल गिरवलेलं आज पुसलं गेलेलं. फांगण्याच्या आज्याही हे सांगत आल्या: विसरायला होतं, पुन्हा करावं लागतं.

या वयात पाटी किती उपयोगाची असते हे मला हे प्रकरण वाचताना नव्याने कळलं. पाटीवरची चूक पदराने पुसता येते. वहीत ती राहते, घरी जाते, नातवाला दिसते.

पहिला शब्द बहुतेक जणींना आपलं नाव लिहायचा असतो. यात एक अडचण आहे, ती वर्ग घेतल्याशिवाय लक्षात येत नाही. पाठ्यपुस्तक सोप्या, काना-मात्रा नसलेल्या शब्दांपासून चालतं: कमळ, मगर, घर. पण जुन्या बायकांची नावं तशी नसतात. द्रौपदा, अनसूया, पार्वती, कृष्णाबाई. जोडाक्षर, रफार, औकार हे सगळं पहिल्याच दिवशी समोर येतं. मग आपण काय करतो? नाव चित्रासारखं शिकवतो. सगळा आकार एकदम गिरवून घेतो. त्यामुळे सही लवकर येते, पण ती सही म्हणजे वाचन नव्हे. ‘द्रौपदा’ लिहिणारीला ‘द’ वेगळा ओळखता येईलच असं नाही. साक्षरतेच्या आकड्यांमध्ये सही येणारी आणि वाचता येणारी यांची सरमिसळ वर्षानुवर्षं झालेली आहे. जनगणनेत साक्षर कोण, तर सात वर्षांपुढची जी व्यक्ती कोणतीही एक भाषा समजून लिहू आणि वाचू शकते ती. त्या मोजपट्टीने फांगण्यातल्या किती जणी साक्षर ठरल्या असत्या? सगळ्या नक्कीच नाहीत. हे झाकायचं कारण नाही.

आकड्यांची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती फार आवडते. अक्षर न येणाऱ्या बाईला हिशेब येत नाही असं कधीच नसतं. पायलीचे शेर, शेराचे पावशेर, मजुरीचे दिवस, उसने दिलेले पैसे, सगळं डोक्यात. खेड्यातल्या जुन्या बायका विसा-विसाने मोजतात: एक वीस, दोन विसा, दोन विसा पाच. आता पहिली-दुसरीतल्या मुलाचा एक कायमचा गोंधळ पाहा. आपण म्हणतो ‘पंचेचाळीस’, तोंडात पाच आधी येतो आणि लिहायचा मात्र चार आधी. मूल ५४ लिहितं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आली आणि राज्यभर वाद झाला, तो याच अडचणीवरून. ‘दोन विसा पाच’ म्हणणारी आजी मात्र मोठा भाग आधी आणि सुटे नंतर म्हणते. तिच्या मोजणीला धरून अंक शिकवले तर तिचा हा गोंधळ कमी व्हावा, असं मला माझ्या वर्गात नातवंडांच्या बरोबरीने बसलेल्या दोन आज्यांवरून वाटतं. कुणी गणिताच्या शिक्षकाने यावर नीट काम करावं.

वर्ग सुरू झाला त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला पाचशे आणि हजारच्या जुन्या नोटा बंद झाल्या. नोट रंगावरून आणि लांबी-रुंदीवरून ओळखणाऱ्या लाखो बायकांची ती ओळख एका रात्रीत निकामी झाली. नव्या नोटा वेगळ्या रंगाच्या, वेगळ्या मापाच्या. त्या दिवसांत नोटेवरचा आकडा वाचता येणं ही किती मोठी सोबत होती, हे ज्यांनी तेव्हा बँकेपुढच्या रांगेत म्हातारी माणसं पाहिली त्यांना सांगायला नको.

अंगठा

आजीबाईंच्या शाळेने काय दिलं असं विचारलं की सगळ्यात आधी सही येते. बँकेत आता अंगठा उठवावा लागत नाही, आपलं नाव लिहिता येतं, याचा आनंद त्या बायकांनी अनेकांना बोलून दाखवला आहे.

अंगठा उठवणं म्हणजे काय ते पाहिलेलं असलं की हा आनंद छोटा वाटत नाही. कागदावर ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ असं दुसऱ्याच कुणीतरी लिहायचं. मग कारकुनाने आपला अंगठा धरायचा, शाईच्या गादीवर दाबायचा, कागदावर टेकवायचा. दुसरा माणूस आपला हात धरून आपल्याकडून काहीतरी करवून घेतो आणि ते काय आहे ते आपल्याला वाचता येत नाही. नंतर ती शाई बायका डोक्याच्या केसांना पुसतात. श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला गेलेली बाई दर वेळी या सगळ्यातून जाते. जमिनीच्या कागदावर असा अंगठा देऊन हक्क सोडून बसलेल्या बहिणी प्रत्येक गावात आहेत.

त्याच सुमारास रेशन दुकानांत अंगठ्याचं यंत्र येऊ लागलं आणि आधारमुळे बोटांचे ठसे जागोजागी लागू लागले. सही येणाऱ्या आजीला पुन्हा अंगठाच पुढे करावा लागला. कामाने रेषा झिजलेल्या असतात, यंत्र ठसा घेत नाही, ती पुसून पुन्हा ठेवते. लिहायला शिकलेल्या बाईला तिची सही चालेल अशी एखादी खिडकी प्रत्येक कचेरीत राहिली पाहिजे. हा मुद्दा मी शिक्षक म्हणून मांडते आहे, कारण आम्ही शिकवलेलं चालतं कुठे हे पाहणंही आमच्याच कामात येतं.

प्राथमिक शाळेला काय मिळालं

फांगण्याच्या नातवंडांना एक नवं काम मिळालं. आजीचा अभ्यास घेणं. संध्याकाळी घरात दोन पाट्या निघू लागल्या. ज्या घरात वाचणारं मोठं माणूस नाही त्या घरातल्या मुलाचं वाचन शाळेच्या फाटकाशी संपतं, हे आम्ही रोज पाहतो. गृहपाठ दिला तरी ऐकायला कुणी नसतं. आजी शिकायला लागली की ऐकणारं माणूस तयार होतं. ते आपल्यापेक्षा थोडं कमी येणारं माणूस असतं, आणि दुसरी-तिसरीतल्या मुलासाठी हे फार चांगलं. कारण जे दुसऱ्याला शिकवावं लागतं ते नीट समजून घ्यावं लागतं. वर्गात आम्ही मुलांच्या जोड्या लावतो त्या यासाठीच. इथे जोडी घरातच लागली.

आणि उलट बाजूनेही काही शाळेत यायला हवं होतं. ते किती आलं याबद्दल वाचायला फारसं मिळत नाही. या बायकांकडे जे होतं ते अक्षरांवाचून साठलेलं होतं: ओव्या, भाताच्या जाती, रानभाज्या, औषधी पाला, बाळंतपणाची माहिती. महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन या अभ्यासकांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या बहुतांशी अशाच निरक्षर बायकांच्या तोंडून. ज्या बायकांनी एवढं रचलं त्यांना आपण कोऱ्या पाट्या समजून शिकवायला बसलो तर मोठी चूक होईल. आजीबाईंच्या शाळेचा तास दोन ते चार असेल, तर पाठोपाठ एक तास आज्यांनी मुलांना शिकवायचा असावा, असं मला वाटतं.

यादी आधी की इच्छा आधी

केंद्राचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, ज्याला आता ‘उल्लास’ म्हणतात, २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. त्यात पंधरा वर्षांपुढचे सगळे निरक्षर येतात, वरची मर्यादा नाही. २०२३ मध्ये राज्यात निरक्षरांच्या सर्वेक्षणाचं काम प्राथमिक शिक्षकांकडे आलं तेव्हा शिक्षक संघटनांनी त्यावर बहिष्कार टाकला. अशैक्षणिक कामांचं ओझं हे त्यामागचं कारण होतं, आणि ते खरं आहे. निवडणूक, जनगणना, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं, यातून शिकवायला उरलेला वेळ किती, हे आमचं आम्हालाच ठाऊक. पुढे १७ मार्च २०२४ ला राज्यभर नवसाक्षरांची १५० गुणांची परीक्षा झाली. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. पुष्कळ म्हाताऱ्या बायका नातवंडांच्या शाळेत, त्यांच्याच बाकांवर बसून पेपर लिहून गेल्या. मला ते दृश्य खरोखर सुंदर वाटलं.

तरी फांगणे आणि ही मोहीम यांत मला एक मूळचा फरक दिसतो. मोहिमेत आधी यादी होते. अमुक गावात इतके निरक्षर, प्रत्येकामागे एक स्वयंसेवक, अमुक तारखेला परीक्षा. ज्या बाईचं नाव यादीत आलं तिला काय वाचायचं आहे हे कुणी विचारत नाही. फांगण्यात आधी इच्छा बोलली गेली आणि तीही नेमकी होती: समोरचं हे पुस्तक वाचायचं आहे. यादी करायची वेळच आली नाही. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेतही प्राथमिक शिक्षकच पुढे होते आणि एकेक माणूस न धरता अख्खं गाव धरून काम चालत असे. जुन्या शिक्षकांच्या घरात त्या दिवसांच्या आठवणी अजून निघतात. गाव धरल्याशिवाय म्हातारं माणूस वर्गात येत नाही, हे फांगण्यानेही दाखवलं. एकटी आजी पाटी घेऊन निघाली असती तर लोक हसले असते. तीस जणी एका रंगात निघाल्या तेव्हा हसणारे उरले नाहीत.

माझ्या शंका मी लपवत नाही. एवढी प्रसिद्धी झाल्यावर कॅमेऱ्यासाठी किती वेळा प्रार्थना म्हणावी लागली असेल, आणि त्यात गिरवायचा वेळ किती गेला असेल? भातलावणीच्या दिवसांत दुपारी दोनला कोण येणार? चार-पाच वर्षांनी किती जणी पारायणाच्या चौरंगासमोर बसू शकल्या? शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण सुरुवात तिथून झाली होती. ज्यांना हे प्रकरण पुढे अभ्यासायचं आहे त्यांनी सहीच्या पुढे जाऊन हे मोजावं. आणि मोजताना त्या बायकांना मूठभर मिनिटांत पेपर देऊ नये, त्यांच्या ओळखीची पोथी द्यावी.

येत्या फेब्रुवारीत आमच्या शाळेतही शिवजयंती आहे. दर वर्षी मुलांची भाषणं होतात, आज्या मागे सतरंजीवर बसून टाळ्या वाजवतात. या वेळी भाषणं थोडी लवकर आटोपायची आणि माईक सतरंजीपाशी न्यायचा असं आम्ही दोघी शिक्षिकांनी ठरवलं आहे. प्रत्येकीला एवढंच विचारायचं: आजी, तुम्हाला काय वाचायचंय?